मोठ्या सफरचंदांवरचे डाग: वरुड तालुक्यातल्या एका शीतखोलीचं प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात, एका गावात संत्रा उत्पादकांच्या गटाने स्वतःची छोटी शीतखोली उभी केली आहे. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी निघणाऱ्या संत्र्याची, तोडणी सुरू होईपर्यंत ती रिकामीच असते, विजेच्या बिलातला स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावा लागतो. म्हणून गटाने एका हंगामात ठरवलं, की भादव्यात हिमाचलचं सफरचंद घेऊन ठेवायचं आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत वरुड, शेंदुरजना घाट, मोर्शी इकडच्या बाजारांत थोडं थोडं विकायचं. विचार चांगला होता. उपवासाला, पूजेच्या ताटाला आणि दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना सफरचंद लागतंच, आणि सणाच्या आठवड्यात त्याचा भाव चढतो.

सप्टेंबरच्या मध्यावर नागपूरच्या ठोक बाजारातून एकाच गाडीत दोन तऱ्हेचा माल आला. जात एकच, रॉयल डिलिशियस. साठेक पेट्यांवर ८० आणि १०० असे आकडे होते, चाळीसेक पेट्यांवर १५० आणि १७५. पेटीत किती फळं बसली आहेत ते हा आकडा सांगतो, म्हणजे आकडा जितका लहान तितकं फळ मोठं. मोठ्या मालाला जवळपास दीडपट भाव मोजला होता, कारण गावात मोठं, लालभडक फळ आधी उचललं जातं. दोन्ही माल एकाच दिवशी एकाच खोलीत शेजारी शेजारी रचला गेला.

नवरात्रातली विक्री झकास झाली. दसऱ्यानंतर पेट्या उघडल्या, तेव्हा मोठ्या फळांवर तीन-चार मिलिमीटरचे खोलगट डाग दिसू लागले. बहुतेक डाग फळाच्या खालच्या अर्ध्या भागात, जिथे फुलाचा वाळका अवशेष राहतो त्या बाजूला. सुरुवातीला ते सालीपेक्षा थोडे गडद दिसत, पुढे तपकिरी पडत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मोठ्या मालातलं साधारण चारातलं एक फळ डागी निघत होतं. घेतलेली फळं लोक परत आणू लागले. कुणी म्हणालं आत अळी आहे, कुणी म्हणालं इंजेक्शन मारलेला माल आहे.

फळांची काढणीनंतरची निगा आणि प्रक्रिया शिकवणं हे माझं काम, म्हणून गटाच्या सचिवांनी मला बोलावलं. त्यांचा पहिला संशय यंत्रावर होता. "साहेब, या मशीननंच जाळले का हे? गार हवा सरळ पेट्याइवर येते नं!" गटातल्या दुसऱ्या एकाचं म्हणणं होतं, की घाटातून खाली येताना गाडीत फळं आदळली आणि मार आता वर आला. दोघांचंही म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. यंत्राचं कर्ज अजून फिटायचं होतं, आणि दोष त्याचाच निघाला असता तर पुढच्या संत्र्याचं काय, ही खरी धास्ती होती.

आधी सुरी चालवली. मार लागलेल्या सफरचंदात साल आणि तिच्याखालचा गर एकत्रच तपकिरी, मऊ होतो, आणि तो डाग पसरट असतो. इथे सालीखाली छोट्या छोट्या कोरड्या, स्पंजासारख्या तपकिरी गाठी होत्या. काही सालीला लागून, काही थोड्या आत, आणि दोन गाठींच्या मधला गर पांढराशुभ्र. अळीने पाडलेली वाट नाही, विष्ठा नाही. सॅन होजे खवल्या किडीचा राखाडी ठिपका आणि त्याभोवतीचं लाल कडंही नाही. गाठीचा तुकडा जिभेवर ठेवला तर किंचित कडू. सफरचंदाच्या धंद्यात याला बिटर पिट म्हणतात.

थंडीचा संशय तापमानाच्या नोंदवहीने मिटवला. खोली संत्र्याच्या हिशेबाने ६ अंशांवर लावलेली होती. सफरचंद गोठायला तापमान शून्याच्याही खाली, उणे दीड अंशाच्या आसपास जावं लागतं. शिवाय पंख्यासमोरच्या थप्पीत दोन्ही माल होता, आणि लहान फळांच्या पेट्यांत डाग शोधावे लागत होते. गाडी एक, खोली एक, दिवस तेच, जातही तीच. वेगळा होता तो फळाचा आकार आणि त्यामागची बाग. अडत्याला फोन केला, तेव्हा त्याने सांगितलं की मोठा माल नुकत्याच फळावर आलेल्या नव्या बागेचा आहे, लहान माल जुन्या, भरघोस लागलेल्या झाडांचा. माझ्या दृष्टीने प्रकरणाचा निकाल तिथेच लागला, पण गटाला तो पटायला बराच वेळ लागला. ज्या मालाला जास्त पैसे मोजले तोच आतून दुबळा होता, हे पचायला जडच.

याचं कारण फळातल्या कॅल्शियममध्ये आहे.

फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिन या डिंकासारख्या पदार्थाच्या थराने जोडलेल्या असतात. त्या पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियम आडवे टाके घालतं आणि थर घट्ट राहतो. पेशीभोवतीचं पातळ आवरणही कॅल्शियममुळेच शाबूत राहतं. ते कमी पडलं की आवरण झिरपू लागतं, पेशी कोलमडतात, त्यांतलं पाणी शेजारच्या पेशी ओढून घेतात आणि मरून वाळलेल्या पेशींची तपकिरी गाठ उरते. कॅल्शियम पुरेसं असलेलं फळ श्वसनही संथ करतं, उशिरा मऊ पडतं, बुरशीलाही सहज दाद देत नाही. त्यामुळे साठवणुकीत सफरचंद किती टिकेल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर रंग आणि गोडीइतकंच त्याच्यातलं कॅल्शियमही मोजायला हवं.

ही गोष्ट माणसाला कळायला फार काळ लागला. ऑस्ट्रेलियात बिटर पिटने निर्यातीचा माल इतका खराब होत होता, की १९११ साली डॅनियल मॅकअल्पाइन यांच्याकडे सरकारी पातळीवर तपास सोपवला गेला. त्यांनी पाच अहवाल लिहिले, पण कॅल्शियमपर्यंत तो तपास पोहोचला नाही. १९३६ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात डीलाँग यांनी अशाच विकृतीच्या फळांची राख तपासली आणि तिच्यात कॅल्शियम कमी असल्याचं दाखवलं. पुढे इंग्लंडमध्ये कॉक्स जातीसाठी एक ढोबळ रेषा ठरली: दीर्घ साठवणुकीत जाणाऱ्या १०० ग्रॅम फळात निदान ५ मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. त्याच १०० ग्रॅममध्ये पोटॅशियम मात्र शंभर मिलिग्रॅमच्या घरात असतं. म्हणजे किती थोड्या कॅल्शियमवर सगळा डोलारा उभा आहे ते लक्षात येतं.

आता आकाराचा हिशेब. मी तो गटाच्या फळ्यावर खडूने मांडला होता. समजा दोन फळांत प्रत्येकी साडेसात मिलिग्रॅम कॅल्शियम शिरलं. एक फळ १५० ग्रॅमवर थांबलं, तर १०० ग्रॅममागे ५ मिलिग्रॅम झालं. दुसरं २५० ग्रॅमपर्यंत वाढलं, तर तेच ३ मिलिग्रॅमवर आलं. बागेत नेमकं इतकं समसमान घडत नाही, पण दिशा हीच असते. फळातलं बरंचसं कॅल्शियम फुलाच्या पाकळ्या गळाल्यानंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत येतं. त्यानंतर फळ पाणी आणि साखर भरून फुगत जातं आणि आधी आलेलं कॅल्शियम विरळ होत जातं. नवं, जोमदार झाड असेल आणि त्यावर फळं मोजकीच असतील, तर प्रत्येक फळ टपोरं होतं आणि कोवळे शेंडेही कॅल्शियम ओढतात. नत्र जास्त पडलं की हा जोर आणखी वाढतो. जास्तीचं पोटॅश आणि मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं. परागीभवन नीट न झाल्याने बिया कमी भरल्या, तरी त्या फळात कॅल्शियम कमी जातं. भाव चढा आहे म्हणून कच्चंच तोडलेलं फळही याला जास्त बळी पडतं.

इथे गटातल्या एका जुन्या बागायतदाराने अडवलं. "कॅल्शियम म्हंजे चुनाच नं? आमच्या मातीत तं चुनाच चुना आहे. खांदलं तं चुनखडी निंघते. त्याइनं टाकाव दोन पोते झाडाच्या बुडाले." प्रश्न अगदी रास्त होता, आणि विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला याचं उत्तर स्वतःच्या बागेतूनच मिळतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची ददात नाही. उलट तिच्या विम्लतेमुळे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणामुळे, लोह आणि जस्त मुळांना मिळत नाही आणि संत्र्याची पानं पिवळी पडतात. जमिनीत आहे ते झाडात जाईलच असं नसतं, आणि झाडात गेलेलं फळात पोहोचेलच असंही नसतं.

कॅल्शियम मुळांतून वर चढतं ते पाण्याबरोबर, जलवाहिन्यांतून. पाण्याला वर खेचतं ते पानांतून होणारं बाष्पीभवन. पानं दिवसभर पाणी उडवतात, त्यामुळे कॅल्शियम त्यांच्याकडे जातं. फळ त्या मानाने फारच थोडं पाणी उडवतं. पानांतून फळाकडे साखर आणि पोटॅशियम नेणारी दुसरी वाट आहे, ती रसवाहिन्यांची, पण त्या वाटेने कॅल्शियम जवळजवळ जातच नाही. एकदा पानात बसलं की तिथेच राहतं. भरीस भर म्हणजे फळ वाढताना त्याच्या आतल्या जलवाहिन्या ताणून तुटत जातात, आणि बिटर पिटला बळी पडणाऱ्या काही जातींत त्या लवकर निकामी होतात. म्हणून तेच झाड, पानांत भरपूर कॅल्शियम आणि फळात टंचाई, अशा अवस्थेत असू शकतं.

सफरचंदाच्या मुलखात म्हणूनच कॅल्शियम क्लोराइडची फवारणी थेट फळावर करतात. तोडणीच्या साधारण ४५ आणि ३० दिवस आधी, अर्धा टक्का द्रावणाची, म्हणजे १०० लिटर पाण्याला अर्धा किलो. द्रावण फळाच्या सालीवर बसलं पाहिजे, पानावर बसलेलं फळाकडे वळत नाही. भर उन्हात किंवा जास्त तीव्र द्रावण मारलं तर पानांच्या कडा जळतात. ही फवारणी बागेतच आणि वेळेतच व्हायला हवी. वरुडला पोहोचलेल्या पेटीसाठी तिचा उपयोग एवढाच, की पुढच्या वेळी अडत्याला ती झाली होती का हे विचारता येतं.

बचत गटातल्या बायकांनी मात्र वेगळाच धागा पकडला, आणि मला तो फार आवडला. कोहळ्याचा पेठा करताना फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्याने पाकात शिजूनही फोड मोडत नाही. "मंग हे सफरचंदं बुडवले तं?" पेठ्यात घडतं ते खरोखर हेच आहे. निवळीतलं कॅल्शियम कापलेल्या फोडीच्या पेक्टिनला बांधतं. फरक इतकाच, की फोडीला साल नसते आणि सफरचंदाला मेणचट साल असते. त्यातही चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमसुद्धा नाही. तोडणीनंतर लगेच २ ते ४ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात फळं काही मिनिटं बुडवण्याची पद्धत आहे, आणि प्रयोगशाळांत तेच द्रावण दाबाने किंवा निर्वाताने आत ढकलूनही पाहिलं गेलं आहे. पण ते सगळं डाग पडण्याआधीचं. गाठ बनली म्हणजे त्या पेशी मेल्या, त्यांना कोणतंही द्रावण परत उभं करत नाही. बायकांना मी अख्खी फळं निवळीत बुडवायचा खटाटोप न करता डाग कोरून काढायला सांगितलं. बिटर पिटचं फळ विषारी नसतं. कोरलेल्या फोडींचा त्यांनी मुरंबा आणि जॅम केला, आणि पडून राहिलेल्या मालाचे थोडेफार पैसे त्यातूनच निघाले. मुरंब्याच्या फोडी मात्र निवळीतून काढल्या होत्या, आणि त्या छान अखंड राहिल्या.

एक गैरसमज इथे वेळीच दूर करावा लागला. "सफरचंदाला कॅल्शियम लावतात" एवढंच बाजारात पसरलं, आणि लोकांनी त्याचा अर्थ कॅल्शियम कार्बाइड असा घेतला. आंबे आणि केळी पिकवायला काही जण चोरून वापरतात ती ही पुडी. कार्बाइडच्या वायूने फळ पिकवण्याला अन्न सुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असू शकते. कॅल्शियम क्लोराइड हा निराळा क्षार आहे. खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड पनीर घट्ट व्हावं म्हणूनही वापरलं जातं. नाव अर्धं सारखं असल्याने माणसं घाबरतात, आणि त्यांना घाबरण्याचं कारण बाजारानेच दिलेलं आहे. त्यामुळे विकणाऱ्याने हे शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावलं पाहिजे असं मला वाटतं.

शीतखोली मात्र पूर्ण निर्दोष सुटली नाही. डाग बागेतून आले होते, पण लहान फळं कापली तेव्हा त्यांत डाग नसले तरी कुरकुरीतपणा ओसरला होता, गर पिठूळ होऊ लागला होता. सफरचंदाला ० ते १ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. ६ अंशांवर ते जगतं, पण भराभर पिकत जातं. कॅल्शियम कमी असलेल्या फळात गाठी उमटण्याचा वेगही थोड्या उबेत वाढतो. शून्याजवळ ठेवलं असतं तर हेच डाग उशिरा दिसले असते आणि कदाचित दिवाळी त्यांच्याआधी उरकली असती. टळले नसते. हा फरक मी गटासमोर दोनदा सांगितला, कारण "तापमान कमी केलं की झालं" असा निष्कर्ष काढायची घाई होत होती.

आणखी एक धोका थोडक्यात टळला. दिवाळीनंतर आंबिया बहराची पहिली संत्री त्याच खोलीत यायची होती, आणि उरलेली सफरचंदं एका कोपऱ्यात ठेवून द्यावीत असं चाललं होतं. पिकणारं सफरचंद भरपूर इथिलीन सोडतं. त्या वायूने संत्र्याच्या देठाची चकती गळते, आणि मग त्या उघड्या जागेतून कुज शिरते. दोन फळांना लागणारं तापमानही वेगळं. उरलेला माल बाहेर काढून आठवडी बाजारात पडेल त्या भावाने विकला, दारं उघडी ठेवून खोलीत हवा खेळवली आणि मगच संत्री आत घेतली.

जुन्या बागायतदाराने जाता जाता संत्र्याचं विचारलंच. लिंबूवर्गीय फळांतही सालीच्या पांढऱ्या थराला भेगा पडून साल सुरकुतण्याची विकृती कॅल्शियमच्या टंचाईशी जोडली जाते, आणि तिथेही जमिनीतली चुनखडी कामी येत नाही, फळावर बसलेलं द्रावणच येतं. पण संत्र्याचं प्रमाण आणि वेळ सफरचंदावरून उचलू नये. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, माती आणि पानांचे नमुने घेऊन तिथे विचारावं, असं मी सुचवलं.

पुढच्या हंगामात गटाने खरेदीची रीत बदलली. साठवायचा सगळा माल १५० आणि १७५ आकड्याचा घ्यायचा. अडत्याला तीन गोष्टी विचारायच्या: झाडं नवी की जुनी, झाडावर फळ कमी होतं की भरपूर, आणि फळांवर कॅल्शियमची फवारणी झाली होती का. सरळ उत्तर मिळालं नाही तर मोठा माल उचलायचा नाही. प्रत्येक खेपेतल्या काही पेट्यांतून मूठभर फळं काढून ती खोलीबाहेर, घरच्या तापमानात ट्रेमध्ये ठेवायची. बाहेरच्या उबेत डाग लवकर उमटतात, त्यामुळे खोलीतल्या मालाचं पुढे काय होणार ते दोन-तीन आठवडे आधी कळतं. एका खेपेच्या ट्रेमध्ये दहाव्या-बाराव्या दिवशी गाठी दिसल्या. ती खेप लगेच बाजारात काढली आणि दसऱ्याआधीच संपवली. बाकीच्या लहान मालात दिवाळीपर्यंत डागी फळ क्वचितच निघालं.

एक अडचण मात्र राहिली. गिऱ्हाईक अजूनही मोठंच फळ मागतं. दवाखान्यात न्यायच्या पिशवीत लहान सफरचंद टाकायला माणसांना कमीपणा वाटतो, आणि त्यांना बोल लावता येत नाही. त्यावर गटाने काढलेला तोडगा असा: १०० आकड्याच्या थोड्या पेट्या फक्त नवरात्रासाठी आणायच्या आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्या संपवायच्या, भाव उतरवावा लागला तरी. आणि खोली सफरचंदासाठी १ अंशावर लावायची असेल तर दार दिवसातून दोनदाच उघडायचं. यंत्राला तेवढंच झेपतं, हे त्याच हंगामात नोंदवहीवरून दिसलं.